चॅट्सवर्थला जाताना: पहिल्यांदाच इंग्लिश वाडा बघणाऱ्यांसाठी

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत मे-जूनमध्ये आई-बाबा येतात. पहिल्या आठवड्यात लंडन होतं, दुसऱ्यात लेक डिस्ट्रिक्ट होतं, आणि तिसऱ्यात बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून विचारतात, “आता काय?” आमच्या घरी याचं उत्तर ठरलेलं आहे: डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ. आजवर चार वेळा पाहुण्यांना घेऊन गेलो आणि दर वेळी आधीच्या वेळची एखादी चूक सुधारली. त्या चुकांवरून हा लेख लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वाडा म्हटलं की आपल्याला दिंडीदरवाजा, चौक आणि चौकाकडे तोंड केलेल्या ओसऱ्या आठवतात. आपला वाडा आत बघतो, बाहेरून नुसती भिंत. इंग्लिश कंट्री हाउस बरोबर उलटं, बाहेर बघतं. नदी, पूल, टेकडी, चरणाऱ्या मेंढ्या, सगळं त्याच्या खिडकीतून कसं दिसेल हे ठरवून मांडलेलं असतं. म्हणून नुसत्या खोल्या बघून परतलात तर अर्धंच बघितलंत.

कोणाचं घर, ते आधी समजून घ्या

१५४९ मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची बायको बेस यांनी ही जागा घेतली आणि १५५२ मध्ये बांधकाम सुरू केलं. बेस बाई जबरदस्त होती. तिची चार लग्नं झाली आणि प्रत्येक लग्नानंतर ती आधीपेक्षा श्रीमंत झाली. आज दिसतं ते घर मात्र मुख्यतः याच घराण्यातल्या पहिल्या ड्यूकने (ड्यूक म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा सरदार) १६८७ ते १७०७ या काळात नव्याने बांधलेलं आहे. घराणं तेच राहिलं, आजवर सोळा पिढ्या. हे ड्यूक डेव्हनशायरचे म्हणवतात आणि राहतात डर्बीशायरमध्ये. डेव्हनशी यांचा संबंध नावापुरताच. आठवा ड्यूक व्हायच्या आधी लॉर्ड हार्टिंग्टन म्हणून ओळखला जाणारा याच घरातला माणूस १८८० ते १८८२ भारतमंत्री होता, म्हणजे मुंबई इलाख्याचे कागद त्याच्या टेबलावरून जात होते.

हे सांगायचं व्यवहारी कारण असं की हे घर नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे जुनी घरं आणि बागा सांभाळणाऱ्या इथल्या मोठ्या संस्थेचं, नाही. इथे बऱ्याच मराठी कुटुंबांकडे नॅशनल ट्रस्टचं कार्ड असतं आणि ते दाखवून फुकट आत जाता येईल असं वाटतं. तसं होत नाही. चॅट्सवर्थ वेगळ्या धर्मादाय ट्रस्टकडे आहे आणि त्याचं तिकीट वेगळं. जवळचं हार्डविक हॉल, पूर्वी याच घराण्याचं असलेलं घर, मात्र नॅशनल ट्रस्टचं आहे, आणि ते त्यांच्याकडे गेलं तेच मुळी चॅट्सवर्थमुळे. दहावा ड्यूक नोव्हेंबर १९५० मध्ये वारला. मालमत्ता मुलाच्या नावावर करून त्याला पाच वर्षं पुरी व्हायला साधारण चौदा आठवडे उरले होते. ती पुरी झाली असती तर वारसाकर चुकला असता. झाली नाहीत, म्हणून ८० टक्के कर बसला. तो फेडताना जमिनी गेल्या, चित्रं गेली आणि १९५९ मध्ये हार्डविकही गेलं.

तिकीट आणि दिवस

तिकीट ऑनलाइन आणि आधी काढा. घर आणि बाग असं एकत्र तिकीट असतं आणि नुसत्या बागेचंही असतं. घरात शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते, आणि इथेच मी पहिल्यांदा फसलो. दुपारी साडेतीनची वेळ घेतली. वाटलं, आधी निवांत बाग बघू, मग घर. प्रत्यक्षात बागेत असताना सगळा वेळ घड्याळाकडे लक्ष, आणि घरातून बाहेर पडलो तेव्हा बाग बंद व्हायला आली होती. सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. घराला दीड-दोन तास द्या आणि मग उरलेला दिवस बागेला.

तिकीट स्वस्त नाही. चार माणसांचं कुटुंब असेल तर आकडा बघून आई नक्की म्हणणार, “एवढ्यात अख्खं अष्टविनायक झालं असतं.” घरात फारसा रस नसेल तर नुसत्या बागेचं काढा, त्यात कमीपणा नाही. आणि भोवतालच्या साधारण हजार एकरांच्या पार्कमध्ये पायवाटांवरून फिरायला तिकीटच लागत नाही. नदीकाठी बसून घर बघणं फुकट आहे. गाडी आणलीत तर पार्किंगचा खर्च धरा.

घर साधारण मार्चच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उघडं असतं, त्यामुळे हिवाळ्यात भारतातून कोणी येणार असेल तर तारखा तपासून घ्या. डिसेंबरात नाताळची सजावट असते. ती सुंदर असते, पण गर्दी फार आणि चारलाच अंधार. माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस म्हणजे मे अखेर ते जूनमध्य, ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात तेव्हाचे, किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला पार्कमध्ये मोठी जत्रा भरते, कंट्री फेअर. जत्राच बघायची असेल तर जा, नाहीतर ते दिवस टाळा, रस्ते तुंबतात.

पोचायचं कसं

लंडनच्या सेंट पँक्रसहून चेस्टरफील्डला थेट गाड्या आहेत, सुमारे दोन तास लागतात. स्टेशन आलं हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण तिथल्या चर्चचा कळस चक्क पिळवटलेला आहे आणि गाडीतूनच दिसतो. तिथून टॅक्सी किंवा बस. शेफील्डहूनही बस येते आणि पीक डिस्ट्रिक्टच्या माळावरून येणारा तो रस्ता मला जास्त आवडतो. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या बघून ठेवा. रविवारी बस कमी असतात आणि इथे गावाकडे रिक्षा मिळत नाही.

चालायची हौस असेल तर बॅझलो गावात उतरा आणि डर्वेंट नदीच्या काठाने पार्कमधून चालत या. दीड मैलाच्या आसपास अंतर आहे, सपाट. वाटेतली फाटकं उघडलीत तर परत लावा, मेंढ्या असतात. एप्रिलमध्ये कोकरं असतात. मुलांना लांबूनच दाखवा. या वाटेने आलं की घर एकदम समोर येत नाही. झाडांमागून थोडं थोडं दिसत शेवटी पुरतं उघडं होतं. हा योगायोग नव्हे. १७६० च्या दशकात केपेबिलिटी ब्राउन नावाच्या माळ्याने टेकड्यांचे उतार आणि झाडं हलवून हे दृश्य रचलं. आपल्याला जे नैसर्गिक कुरण वाटतं ते बनवलेलं आहे.

पायांत चालण्याचे बूट घाला. साडी नेसणाऱ्या आजी-मावश्यांनी चपलेऐवजी मोजे आणि बूट घालावेत, गवत ओलं असतं. टोकदार टाचा तर नकोतच, जुन्या लाकडी जमिनीत खळगे पडतात. रेनकोट जूनमध्येही हवा. पाठीवरची मोठी बॅग घरात पुढे धरायला सांगतात, कारण वळताना फुलदाणीला धक्का लागला तर काय होईल याचा विचार न केलेला बरा. कोणाचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच लिफ्टबद्दल विचारा.

घराच्या आत

पहिल्यांदा लागतो तो पेंटेड हॉल. भिंती आणि छत ज्युलियस सीझरच्या आयुष्यातल्या प्रसंगांनी भरलेलं आहे. चित्रकार लुई लागेर. इथे सगळे मान वर करून उभे राहतात आणि मागून येणारे त्यांच्यावर आदळतात. कडेला सरका, मग वर बघा.

पुढचा मार्ग आखलेला असतो, पंचवीसहून अधिक खोल्यांमधून जातो. सगळ्या खोल्या सारख्या लक्ष देऊन बघू नका. दहाव्या खोलीत डोळे थकतात. सोनं, मखमल आणि पोर्ट्रेट यांनी आपलं पुरणपोळीसारखं लवकर मन भरतं. मी पाहुण्यांना चार ठिकाणी थांबवतो.

एक, वरच्या मजल्यावरच्या स्टेट रूम्स. पहिल्या ड्यूकने त्या राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्या मुक्कामासाठी सजवल्या. बैठकीची खोली, दिवाणखाना, झोपायची खोली, एकातून एक उघडणाऱ्या. जितकं आत जायला मिळेल तितका पाहुण्याचा मान मोठा. राजा-राणी आलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मात्र या खोल्यांत वेल्समधून हलवलेल्या एका शाळेच्या मुली राहिल्या, १९३९ ते १९४६. सैनिकांपेक्षा शाळेच्या पोरी घर कमी खराब करतील असा हिशेब होता. राजासाठी केलेल्या खोल्यांत लोखंडी खाटा मांडल्या गेल्या, हे ऐकल्यावर आमच्या आत्याला त्या खोल्या पहिल्यांदा आपल्याशा वाटल्या.

दोन, तिथलीच संगीताची खोली. अर्धवट उघड्या दारामागे व्हायोलिन टांगलेलं दिसतं. ते खरं नाही. रंगवलेलं आहे, यान फान डर व्हार्ट या चित्रकाराने. मुलांना आधी सांगू नका.

तीन, कोणतीही पश्चिमेकडची किंवा दक्षिणेकडची खिडकी. पडदे ओढलेले नसतील तिथे थांबा. (खोल्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवतात, उन्हाने जुनं कापड विरतं.) पश्चिमेला नदी आणि पूल, दक्षिणेला लांबलचक तळं आणि कारंजं. हे पाहिलं की बागेत कुठे काय आहे ते कळतं आणि नकाशा फारसा लागत नाही.

चार, शिल्पांचं दालन. सहाव्या ड्यूकने लग्न केलं नाही आणि पैसा दगडात घातला. कानोव्हा या इटालियन शिल्पकाराची शिल्पं आहेत, पण लोक खिळतात ते राफाएले मोंतीच्या डोक्यावरून ओढणी घेतलेल्या बाईपाशी. संगमरवराची ओढणी, आणि तिच्यातून चेहरा दिसतो. हात लावावासा वाटतो, लावू नका.

खोल्यांमध्ये उभे असलेले लोक पहारेकरी नव्हेत. त्यातले बरेच हौसेने काम करणारे असतात आणि कोणी काही विचारावं म्हणून वाट बघत असतात. “तुम्हाला या खोलीतलं काय आवडतं?” एवढंच विचारा. बाबांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत एका आजोबांना घड्याळाबद्दल विचारलं, तर वीस मिनिटं दोघं हलले नाहीत. फोटो काढता येतात, फ्लॅश नको.

बागेत

बाग १०५ एकर आहे आणि डोंगराच्या उतारावर आहे. हा उतार समजला की बाग समजली. वर माळावर तलाव खोदलेले आहेत आणि तिथून पाणी स्वतःच्या जोराने खाली येतं. दक्षिणेच्या तळ्यातलं एम्परर फाउंटन पंपावर चालत नाही. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकने १८४४ मध्ये ते करवून घेतलं, पूर्ण जोरात २९६ फुटांपर्यंत पाणी उडाल्याची नोंद आहे. झार आला नाही. कारंज्याला सम्राटाचं नाव राहिलं. रोज ते पूर्ण उंचीवर नसतं. पाणी कमी असेल किंवा वारा असेल तर कमी ठेवतात. वाऱ्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढायचा मोह झाला तर मोबाइल पिशवीत घाला आणि मग उभे राहा.

कारंजं बांधणारा जोसेफ पॅक्स्टन १८२६ मध्ये, २२ वर्षांचा असताना, मुख्य माळी म्हणून इथे आला. पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद होतं म्हणून चढून आत उतरला, सगळी बाग पायाखाली घातली, सहाला माणसांना कामाला लावलं, मग घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे नाश्त्याला गेला आणि तिथे त्यांची भाची सेरा हिच्या प्रेमात पडला. नऊच्या आत सगळं. पुढच्या वर्षी लग्नही झालं. आपण अकरा वाजता पोचून पार्किंग शोधत असतो.

क्रम असा ठेवा. तळ्याच्या काठाने सरळ जा, मग पाय ताजे आहेत तोवर डावीकडे चढ चढून घ्या. वाटेत हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह लागेल. तो १९६२ मध्ये लावला, आणि तिथे आधी पॅक्स्टनचं काचघर होतं: २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद. व्हिक्टोरिया राणी १८४३ मध्ये त्याच्या आतून घोडागाडीतून फिरली. उष्ण प्रदेशातली झाडं जगवायला आठ बॉयलर लागत आणि कोळसा भुयारातून आणत, म्हणजे पाहुण्यांना धूळ दिसायला नको. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, १९२० मध्ये सुरुंग लावून काचघर पाडलं. भुयार अजून आहे, चालून बघता येतं. डोकं सांभाळा.

या काचघरांसाठी पॅक्स्टनने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला १८३५ मध्ये भारतात धाडलं. तो कलकत्त्याला उतरून खासी टेकड्यांत गेला आणि ऑर्किडांच्या पेट्या भरभरून घेऊन परतला. त्याला मुख्यतः हवी होती ती अ‍ॅम्हर्स्टिया, लाल फुलांचे लोंबते घोस येणारं झाड. मुंबईकरांनी ते राणीच्या बागेत पाहिलं असेल, आपण त्याला उर्वशी म्हणतो. आणि केळ! पॅक्स्टनने इथे केळीचं एक झाड वाढवलं, त्याला १८३५ मध्ये केळफूल आलं, पुढच्या वर्षी घड लागला आणि ड्यूकच्या घराण्यावरून त्या केळीचं नाव कॅव्हेंडिश पडलं. रावेर-यावलकडची बसराई आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. जळगावची केळी इथून गेली असं मुळीच नाही, नाव तेवढं इथलं. पण जळगावच्या पाहुण्यांना हे सांगून बघा, काचघर उघडं असेल तर आतली केळ ते व्यापाऱ्याच्या नजरेने तपासतात.

वर दगडांची बाग आहे, प्रचंड शिळा एकावर एक रचलेल्या. डोंगर वाटतो, आहे रचलेला. तिच्या जवळपास एक धातूचं विलोचं झाड उभं आहे. त्याच्या फांद्यांतून अचानक पाणी उडतं. मूळ झाड १६९२ चं, आताचं नंतर केलेलं. लहानपणी व्हिक्टोरियाही यावर खूश झाली होती. मुलांना तिथे उभं करा आणि स्वतः लांब थांबा.

मग उतरताना कॅस्केड. टेकडीवरून घराच्या दिशेने येणाऱ्या २४ दगडी पायऱ्या आणि त्यांवरून वाहणारं पाणी. प्रत्येक पायरी थोडी वेगळी घडवलेली आहे, त्यामुळे पाण्याचा आवाज पायरीगणिक बदलतो. मोठ्या दुरुस्तीसाठी इथलं पाणी बंद करावं लागलं होतं, म्हणून सुरू आहे का ते जायच्या आधी तपासा. कोरडं असलं तरी वरच्या टोकाला एकदा जाच, कारण घर तिथून सगळ्यात चांगलं दिसतं.

पोटाचं

घरात खाणं-पिणं बंद. बागेत आणि पार्कमध्ये गवतावर बसून डबा खाता येतो. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी असं न्या, पातळ काही नको. पूर्वीचे तबेले आता उपाहारगृहं झाले आहेत; चहा आणि स्कोन तिथे मिळतात, दुपारी एक ते दोन रांग लांब. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्या. तीनेक मैलांवरच्या बेकवेलचं पुडिंग प्रसिद्ध आहे, त्यातही अंडं असतं. आणि तिथे त्याला टार्ट म्हणू नका, गावकरी मनावर घेतात.

परतताना एन्झर

लिहिताना एडन्सॉर, म्हणताना एन्झर. पार्कच्या पलीकडचं छोटं गाव. जुनं गाव घरातून दिसत होतं म्हणून सहाव्या ड्यूकने ते हलवून नव्याने वसवलं आणि प्रत्येक घराची घडण वेगळी केली. धरणात गाव गेलेल्या माणसाला हे वाचताना जरा वेगळं वाटेल. इथल्या लोकांना निदान घरं बरी मिळाली.

चर्चच्या आवारात पॅक्स्टनचं थडगं आहे. मागे चढावर कॅव्हेंडिश घराण्याची थडगी आहेत आणि त्यांत कॅथलीन केनेडीचं. १९४४ मध्ये ती इथल्या वारसाशी लग्न करून आली, काही महिन्यांत तो युद्धात मारला गेला, १९४८ मध्ये ती विमान अपघातात गेली. जून १९६३ मध्ये तिचा भाऊ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून आयर्लंडहून येताना इथे उतरला आणि या थडग्यापाशी उभा राहिला. राजासाठी खोल्या सजवल्या, झारसाठी कारंजं केलं, ते दोघे फिरकले नाहीत. हा आला, तो बहिणीसाठी.

तो चढ पावसानंतर निसरडा होतो, आजींचा हात धरा. आणि बसने आला असाल तर पाच वाजून गेले का ते बघा.